ओल्या पोत्यातली हवा

ही हकीकत दोन हजार चोवीस सालच्या मे महिन्यातली. सोळा तारखेला, गुरुवारी दुपारी तिची सुरुवात झाली आणि शुक्रवारी संध्याकाळच्या आत ती संपलीही. तारखा माझ्या लक्षात आहेत, कारण रोजचं तापमान वहीत लिहायची मला सवय आहे आणि त्या दोन दिवसांचे आकडे वहीत आहेत. गुरुवारी दुपारी तीन वाजता बेचाळीस अंश, शुक्रवारी सकाळी सहा वाजता सव्वीस.

ही सवय शाळेतली. एकोणीसशे एकाहत्तर साली मी अणदूरला विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट होतं. त्यात चार परीक्षानळ्या, एक भिंग आणि हैदराबादहून आलेला, पितळी खोळीतला एक तापमापक. मुलांना वापरायला द्यावं असं एवढंच होतं, म्हणून रोज पारा वाचून फळ्यावर लिहायला लावायची. पुढं नवी प्रयोगशाळा झाली आणि जुनं कपाट भंगारात निघालं, तेव्हा हेडमास्तरांनी तो तापमापक मला देऊन टाकला. निवृत्त होऊन आता मला वीस वर्षं होत आली, पण पारा वाचणं सुटलं नाही.

माझं माहेर तुळजापूरचं आणि सासर अणदूरपासून सात किलोमीटरवरच्या एका लहान गावात. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच नांदताहेत. वसंतराव, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून मी घरात एकटी असते. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे ग्रामपंचायत. त्यामुळं पंचायतीत जे घडतं ते ऐकायला मला कान द्यावा लागत नाही.

आदल्या साली पाऊस कमी झाला होता. गावचं पाणी साठवण तलावातून येतं. तलावाच्या पोटात एक उंच सिमेंटची विहीर बांधलेली आहे, तिला सगळे जॅकवेल म्हणतात. तिच्या भिंतीला बाहेरून वेगवेगळ्या उंचीवर तीन झडपा आहेत. झडप उघडी असली की तलावाचं पाणी विहिरीत येतं आणि मोटार ते गावाकडे ढकलते. त्या मे महिन्यात वरच्या दोन झडपा कोरड्या पडल्या. तिसरी पंचवीस फूट पाण्याखाली होती, पण बांधल्यापासून ती कुणी उघडलीच नव्हती, आणि आता ती गाळात जाम बसली होती. तलावात पाणी होतं आणि गावात टँकर येत होता, तोही आठ-नऊ दिवसांनी.

आमच्याकडे विहिरीत उतरणारा माणूस म्हणजे बजरंग. साठीचा, बारीक, काटक. पंचक्रोशीतल्या विहिरींत पडलेल्या घागरी, मोटारी, जनावरं, आणि कधी माणसंही, त्यानंच वर काढलेली. छाती भरून घ्यायची, बुडी मारायची, एक-दीड मिनिटात वर यायचं, एवढंच त्याचं साधन. झडपेसाठी त्यानं दोन दिवस बुड्या मारल्या. पहार लावायला हात पोचायचे तोवर दम संपायचा. दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं तेव्हा तो काठावर बसला आणि म्हणाला, "भाचीला बोलवा."

भाची म्हणजे दीपमाला. मुरुमची. दहावीच्या सुट्टीत ती मामाकडे राहिली होती आणि माझ्या ओसरीवर विज्ञान शिकायला यायची. पुढं ती मालवणकडे जाऊन सिलिंडर पाठीला बांधून समुद्रात उतरायला शिकली, तिकडे पर्यटकांना बुड्या मारायला नेऊ लागली. कोरोनात ते काम बंद पडलं तशी परत आली आणि दोन जुने सिलिंडर घेऊन तिनं इकडेच काम सुरू केलं. तलावांच्या झडपा, बंधाऱ्यांच्या फळ्या, विहिरीत अडकलेल्या मोटारी. मुलगी असून हे काय, असं मुरुमात म्हणणारे अजूनही आहेत, पण झडप अडली की तेच फोन करतात.

ती गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला आली. सोलापुरात सिलिंडर भरून घेतले आणि उघड्या पिकअपमधून थेट इकडे. पिकअप बिघडली म्हणून नळदुर्गजवळ रस्त्यावर दोन तास उभी होती, म्हणजे सिलिंडर सकाळपासून उन्हातच. पंचायतीसमोर उतरवताना दीपमालानं एकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग फडकं धरून तिनं त्याला श्वास घ्यायची नळी आणि काटा लावून बघितलं. काटा दोनशे दहा बारवर होता. बार म्हणजे दाबाचं माप. काटा जितका वर, तितकी आतली हवा जोरानं बाहेर ढकलते. दुसऱ्याला लावलं, तोही दोनशे दहा. कागदाच्या चिकटपट्टीवर तिनं दोन्ही आकडे लिहून सिलिंडरला चिकटवले. तेवढ्यात सरपंच हिंमतरावांनी चहाला बोलावलं. "मामा, एवढे आत ठेवा," असं बजरंगला सांगून ती गेली.

सिलिंडर पंचायतीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवले. खोलीची चावी मथुराबाईकडे.

मथुरा पंचायतीची शिपाई. आधी ती आमच्या शाळेत पाणी भरायची, म्हणून मी तिला अगंतुगं करते. नवरा लवकर गेला. बावीस वर्षं ती अर्धवेळ शिपाई होती. पंचायत उघडायची, झाडायची, टपाल न्यायचं, टँकर आला की रांग लावायची. त्या साली तिला कायम करायचा प्रस्ताव पंचायत समितीत गेला होता. ग्रामसेवक म्हणाले होते की दिवाळीपर्यंत होऊन जाईल, फक्त फायलीत एखादी लेखी तक्रार येता कामा नये. हे वाक्य मथुरेनं मला किती वेळा ऐकवलं असेल. चहाहून परतल्यावर दीपमालानं तिला एवढंच सांगितलं होतं, "मावशी, ह्यांना कुणी हात लावायचा नाही. तुम्हीपण नाही."

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी चहा करत होते, तेव्हा समोरून आवाज चढलेला ऐकू आला.

मी गेले तेव्हा दोन्ही सिलिंडर खोलीच्या दारात उभे होते. पहिल्यावर काटा एकशे नव्वद दाखवत होता, दुसऱ्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर. दीपमालानं आधी गळती बघितली होती. तोटीभोवती साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा आला नाही. मग ती जे बोलली ते तिनं बोलायला नको होतं. म्हणाली, "गळत तर नाहीत. म्हणजे कुणीतरी तोटी उघडली."

हिंमतरावांनी मथुरेकडे बघितलं. "चावी कुणाकडं व्हती?"

"माझ्याकडं."

"मग?"

"म्या हात बी लावला न्हाय."

"हात लावला न्हाय, मग हवा काय पाय फुटून गेली?"

त्या दिवशी टँकर यायचा होता. कट्ट्यावर पन्नास-साठ बायका घागरी घेऊन बसल्या होत्या. बजरंग भिंतीला टेकून दोर तपासत होता. आदल्या रात्री अर्धं गाव दीपमालाकडून ऐकून गेलं होतं की किती हवेवर किती वेळ खाली राहता येतं, त्यामुळं हवा गेली म्हणजे झडप राहिली, हे कुणाला सांगावं लागलं नाही. दीपमालाही अडून बसली. हवा उरली होती, काम कदाचित झालंही असतं, पण ज्या सिलिंडरचं काय झालंय ते कळत नाही तो पाठीला बांधून मी उतरणार नाही, म्हणाली. ते तिचं बरोबरच होतं.

ग्रामसेवकांनी हिंमतरावांच्या सांगण्यावरून कागद लिहिला. गावाच्या कामाच्या साहित्याशी छेडछाड, निष्काळजीपणा, असं त्यात होतं. हिंमतरावांनी तो कट्ट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचला आणि मथुरेपुढं सहीसाठी धरला. मथुरेनं सही केली नाही. 

मी खोलीच्या दाराशी गेले आणि पहिल्या सिलिंडरला हात लावला. गार होता. पत्र्याच्या त्या बंद खोलीत सकाळीच उबारा होता, आणि सिलिंडर मात्र माठासारखा गार. मी घरी जाऊन तापमापक आणला, सिलिंडरला फडक्यानं बांधला आणि पाच मिनिटं थांबले. बावीस. मग खोलीत धरला. तीस.

रात्रभर खोलीत राहिलेली वस्तू खोलीइतकीच उबदार होते. ती आपण होऊन खोलीपेक्षा गार होत नाही. माठ होतो, कारण त्याच्या अंगावरचं पाणी वाळत असतं.

मी मथुरेला मागच्या बाजूला बोलावलं.

"पोती कुठं ठेवलीस?"

 "मोरीच्या मागं."

"कधी गुंडाळलीस?"

"दिवे लागायच्या टायमाला. बाई, लई तापलेले हुते. चटका बसला मला. आमच्या बाच्या शिवारात डिझेलच्या ड्रमावर बी आमी वलं पोतं टाकायचो. ह्ये तर हवेचे. फुटले म्हंजी?"

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

"पोरगी म्हणली हुती हात लावू नगा. आन् सायेब म्हणले हुते तक्रार येऊ नये."

"पाणी कुठलं घेतलंस?"

"माझ्या घरचं. दोन घागरी. निजायच्या आदी एकदा वतली, पाटं एकदा."

टँकर येऊन आठ दिवस झाले होते. तिच्या घरात त्याहून जास्त पाणी असेल असं मला वाटत नाही.

मी तिला घेऊन पुढं आले आणि सगळ्यांना सांगितलं की हवा कुठंही गेलेली नाही, ती गार झाली आहे. हिंमतराव हसले.

"बाई, तुम्ही आमच्या गुरू. पण हवा गार झाली म्हणून कमी कशी हुईल? आन् तापली की वाढती का, भाकरीवानी फुगून?"

"हवा वाढत नाही, हिंमतराव. तिचं ढकलणं वाढतं. मे महिन्यात दुपारी उन्हात लावलेल्या सायकलची ट्यूब फुटते ना? सकाळी कुणी जास्त हवा भरली म्हणून फुटते का?"

"ती ट्यूब जुनी आसती म्हणून फुटती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

वसंतराव माझ्याच शाळेत शिकवायचे, त्यांची ट्यूब अशीच फुटायची. शाळेच्या भिंतीशी सावली सरकली की त्यांची सायकल उन्हात यायची आणि चौथ्या तासाला फटाका वाजायचा. मुलं वर्गात एकमेकांकडे बघून म्हणायची, मास्तर आज चालत. त्यावरूनच मी हा धडा शिकवायची. बंद भांड्यातली हवा तापली की तिचा दाब किती वाढेल, हे तापमानावरून काढता येतं. फक्त पाऱ्यावरच्या आकड्यात आधी दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे. कारण हवेचा शून्य आपल्या शून्याच्या तितका खाली असतो. दीपमाला दहावीला हे दोनशे त्र्याहत्तर कायम विसरायची.

"दीपा, आत्ता बावीस अंशाला एकशे नव्वद. शेहेचाळीस अंश झाले तर किती?"

तिनं मोबाइल काढला. "दोनशे पाच. थोडे वर."

"मिळवलेस ना?"

"मिळवले, बाई." आणि मग तिनं चिकटपट्टीवरचा दोनशे दहाचा आकडा पुन्हा बघितला. तिच्या लक्षात आलं होतं. मालवणला सिलिंडर बोटीच्या सावलीत असायचे, तिकडे काटा फार तर चार-पाच बार हलायचा, तो कुणी मनावर घेत नसे. उन्हातून थेट ओल्या पोत्यात गेलेला सिलिंडर तिनं कधी बघितला नव्हता. तसा तो बहुतेक कुणीच बघितला नसेल.

मी कागदावर दोनशे पाच लिहिलं आणि चौघडी घालून हिंमतरावांच्या खिशात ठेवलं. म्हटलं, तापमापक बांधूनच सिलिंडर उन्हात ठेवू. पारा शेहेचाळीसवर आला की काटा बघायचा. तोटी उघडून हवा बाहेर गेली असेल, तर ती उन्हानं परत येणार नाही. नुसती गार झाली असेल, तर काटा दोनशे पाचवर येईल.

"बाई, उन्हात ठेवायचे नसतात," दीपमाला म्हणाली.

"काल दिवसभर ठेवलेसच की."

तिनं काटा पहिल्या सिलिंडरला परत लावला.

एक गोष्ट इथं लिहायला हवी. दोन्ही सिलिंडर सारखेच भरलेले होते आणि सारख्याच पोत्यांत होते. मग सकाळी एकावर एकशे नव्वद आणि दुसऱ्यावर एकशे अठ्ठ्याहत्तर का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी स्वतःशी म्हटलं, दुसरा मोरीच्या बाजूला होता, जास्त गार झाला असेल. तापमापक त्याला लावून बघितला नाही. मथुरा सुटावी असं मला वाटत होतं, आणि जे बघून ती सुटली नसती ते मी बघितलं नाही.

दहा वाजता सिलिंडर अंगणात आडवे ठेवले. अकराच्या पुढं पत्रे तापून कडकड वाजायला लागले. टँकर आला, घागरी भरल्या, पण बायका हलेनात. घागर डोक्यावर घेऊन उभं राहण्यापेक्षा ती खाली ठेवून त्या कट्ट्यावर पुन्हा बसल्या. काटा पहिल्या सिलिंडरवर लावून ठेवला होता. दर थोड्या वेळानं कुणीतरी वाकून बघायचं.

"चढायलाय," एकजण म्हणाली.

"किती?"

"एकशे पंच्याण्णव. चढायलाय की ग."

हिंमतराव खुर्ची टाकून बसले होते, तेही उठून बघायला लागले. मथुरा मात्र पंचायतीच्या पायरीवर बसली होती, काट्याकडे न बघता. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, इतकं पाणी लागलं नसतं का वो, एकच घागर बास झाली असती." तिच्या डोक्यात अजून पाणीच होतं, किंवा दुसरं काही असलं तर तिला ते बोलायचं नव्हतं.

साडेअकराला पारा शेहेचाळीसला आला. काटा दोनशे पाचच्या रेघेवर होता. दीपमाला म्हणाली, केसभर अलीकडे. हिंमतरावांनी खिशातला कागद काढला, वाचला आणि शेजारच्याला दिला. तो हातोहात कट्ट्यावर फिरला. वाचता न येणाऱ्या बायकांनीही तो धरून बघितला.

मग दीपमालानं काटा काढून दुसऱ्याला लावला.

ती काट्यावर वाकली. काच पुसली. मग म्हणाली, "बाई, हा एकशे त्र्याण्णव आहे."

मी तापमापक लावला. शेहेचाळीसच. तो गार नव्हता. त्यात बारा बार हवा खरोखरच कमी होती.

हिंमतरावांचा आवाज या वेळी चढला नाही. "म्हंजी ह्यातली गेलीच की, बाई. तुमच्याच हिशोबानं गेली."

 पस्तीस वर्षं मी तो धडा शिकवला, त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. सकाळी तो कागद नुसत्या संशयावर लिहिलेला होता. आता मी त्याला पुरावा जोडून दिला होता, सगळ्या गावासमोर. मथुरा पायरीवरून उठली. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नव्हे, मी आता काय सांगते ते ऐकायला. 

"ती म्या घेतली," बजरंग म्हणाला.

तो अजून भिंतीपाशीच होता. दोर त्याच्या मांडीवर.

"काय घेतली?" हिंमतरावांनी विचारलं.

"हवा. काल. पोरीनं दुसऱ्याला नळी लावून काटा बघितला आन् तशीच चहाला गेली. नळी माझ्या हातात हुती. म्या म्हणलं बघावं तरी काय आस्तंय. खोलीत ठिवलं आन् तोंडात धरून बसलो."

"किती वेळ?"

"धा मिनटं. जास्त न्हाय. मग बंद केली तोटी, नळी काढून ठिवली. पोरगी करती तसं."

"मामा," दीपमाला म्हणाली, "जमिनीवर बसून?"

"मग काय पाण्यात जाऊ? मला येतंय का ते?"

कट्ट्यावर हसू फुटलं. हिंमतरावही हसले असते, पण त्यांनी आवरलं. कुणीतरी बाई म्हणाली, "कशी लागती वो बजरंगभाऊ, गॉड का खारट?"

बजरंगनं तो प्रश्न खराच धरला. "कोरडी लागती. घसा वाळतो." जरा थांबून म्हणाला, "पर ती सपत न्हाय. घेतली की आनी येती. घेतली की आनी येती. चाळीस वरसं म्या वर यायची घाई करायलोय."



"सकाळी का गप्प बसलास?" मी विचारलं.

"सगळी मथुरेवरच गेली एकदम. मला लाज वाटली. आन् पयल्याला तर म्या शिवलोच नव्हतो, तरी त्यातली बी गेली म्हणायले. मला वाटलं मथुरेनं बी कायतरी केलं आसंल. मंग म्हणलं, तिचं मोठं आसंल, माझं बारकं."

हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सकाळी सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. पण ते बोलताना त्यानं मथुरेकडे बघितलं नाही.

दीपमाला मथुरेपुढं जाऊन उभी राहिली. "मावशी, माझं चुकलं. मी नीट बघायच्या आधी बोलले." मथुरेनं मान हलवली. तिचं लक्ष हिंमतरावांच्या हातातल्या घडी घातलेल्या कागदाकडे होतं, सकाळच्या.

"त्यो फाडा," ती म्हणाली.

"फाडू की. चल आफिसात."

"न्हाय. हितंच. जितं उबं ऱ्हाऊन वाचला तितंच."

"मथुराबाई, आता कशाला ताणायचं? झालं ना."

"तुमचं झालं. सकाळी कट्टा भरून बाया हुत्या, आता बी हायेत. सांजच्याला नसतील."

हिंमतराव जरा चिडले. माणूस वाईट नाही, पण त्यांना लोकांसमोर मागं यायची सवय नव्हती. म्हणाले, "हात लावला न्हाय म्हणाली हुतीस. आन् पोती गुंडाळलीस. ते खोटंच झालं ना?"

"व्हय. ते खोटं बोलले म्या," मथुरा म्हणाली. "त्याचा येगळा कागद लिव्हा. मी सही करते. पर ह्यो फाडा."

ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. हिंमतराव कट्ट्यावर चढले. सकाळी जिथं उभे होते तिथंच उभं राहून त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "मथुराबाईंनी हवेला हात लावलेला न्हाय. ती बजरंगनं घेतली. आन् आमचं बोलणं चुकलं." शेवटचं वाक्य हळू होतं, पण ऐकू आलं. खोटं बोलल्याचा वेगळा कागद कुणी लिहिला नाही.

दुपारी तीनला दीपमाला उतरली. या वेळी तिनं सिलिंडर आधी वीस मिनिटं तलावाच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि गार झाल्यावर काटा वाचला. किती वेळ खाली राहायचं ते त्या आकड्यावर ठरवलं. बारा बार कमी असलेला सिलिंडर तिनं पहिल्यांदा वापरला. दोराचं दुसरं टोक बजरंगच्या हातात होतं. दोराला एक झटका आला की ठीक, दोन आले की ओढ, असं ठरलं होतं. मी काठावर छत्री घेऊन बसले होते. चाळीस मिनिटांत एकदाच दोन झटके आले, ते पहार बदलून हवी होती म्हणून. चारच्या सुमाराला जॅकवेलच्या आत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. झडप चार बोटं उघडली होती. तिनं सिलिंडर बदलला आणि ती वीतभर उघडून वर आली.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं. पहिला तासभर गढूळ होतं.

याला आता दोन वर्षं होत आली. हिंमतरावांची सरपंचपदाची मुदत संपली आणि ते पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांनी अणदूरला शेतीच्या औजारांचं दुकान काढलं. मला बाजारात भेटले की वाकून नमस्कार करतात आणि बजरंगचं नाव काढून हसतात. त्यांनी त्या दिवशी कागद फाडला, हे मी त्यांच्या बाजूनं नेहमी सांगते.

दीपमालाकडे आता चार सिलिंडर आहेत आणि हाताखाली दोन मुली. दाबाच्या आकड्याशेजारी ती तापमानही लिहिते. गेल्या पावसाळ्यात पुरात अडकलेल्या माणसांना काढायला जिल्ह्यातून तिला बोलावणं आलं होतं. सोलापूरला जाताना माझ्याकडे थांबते, जेवते, घाईनं निघते.

बजरंगनं त्या वर्षीच्या दिवाळीनंतर विहिरीत उतरणं बंद केलं. गुडघे गेले. दीपमालानं त्याला सिलिंडर लावून तलावात उथळ पाण्यात न्यायचं ठरवलं होतं. तो काठापर्यंत आला, पट्टे बांधून घेतले, आणि मग सोडायला लावले. आता त्याचा मुलगा त्याला दोन वेळचं जेवायला घालतो आणि तो दिवसभर देवळाच्या पारावर असतो.

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे.

मथुरेचा प्रस्ताव दिवाळीला नाही, पण पुढच्या मार्चमध्ये मंजूर झाला. ऑर्डर हातात आली त्या दिवशी ती माझ्याकडे पेढे घेऊन आली आणि गावात घरोघरी गेली. बजरंगच्या घरीही गेली, त्याच्या सुनेच्या हातात पेढा ठेवला आणि परत फिरली. त्याच्याशी ती अजून बोलत नाही.